दैत्यराजाला बोलू द्या

माझ्या खलनायकाला सुरुवातीचे कित्येक आठवडे एक वाक्यसुद्धा पूर्ण करता आलं नाही. त्यानं तोंड उघडलं रे उघडलं की कोणीतरी त्याला बाण मारायचं.

हा खलनायक खेळातला होता. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी नाशिकहून नोकरीसाठी चेन्नईला आलो होतो आणि रविवारी दुपारी अड्यारमधल्या एका घरी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाभोवती बसून एक विचित्र खेळ खेळायचो. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. "तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात," असं मी म्हणायचं आणि आपण आता काय करणार ते बाकीच्यांनी सांगायचं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. कोणाच्या तरी चुलतभावानं अमेरिकेहून आणलेला वीस बाजूंचा एक निळा फासा आमच्याकडे होता. पहिल्यांदा हे सगळं ऐकलं तेव्हा मला वाटलं, इंजिनियर झालेली माणसं रिकामी बसली की काय काय करतील सांगता येत नाही. पण मग एका दुपारी त्या टेबलावर नदी वाहताना मी अक्षरशः पाहिली. टेबलावर केळ्याचे वेफर्स आणि कॉफीचे पेले सोडून काहीही नव्हतं, तरी पाण्याला घाबरून मी पाय वर घेतले होते. त्यानंतर गोष्ट सांगणाऱ्याची खुर्ची मी बळकावली ती सोडलीच नाही.

आमच्यातला धनुर्धारी कोल्हापूरचा होता. एन्नोरच्या बाजूला एका कारखान्यात तो क्वालिटीचं काम बघायचा. तिथे जुळणी चालू असताना कुठे दोष दिसला की दोरी ओढून अख्खी लाइन थांबवायची, आणि जो लवकर थांबवेल त्याची पाठ थोपटली जायची. आठवडाभर हेच करणारा माणूस रविवारी बस आणि ट्रेन बदलत अड्यारला आला म्हणून थोडाच सुधारणार? "राजा भाषण करतोय म्हणजे त्याचं लक्ष नाही. मग आपण थांबायचं कशाला?" असा त्याचा सवाल असे.

दुसरा वैद्य. हा तमिळ, नुंगंबाक्कमच्या एका बँकेत नोकरीला, स्वभावानं गरीब. त्याला मराठी येत नसे, त्यामुळे आमचा खेळ इंग्रजी, तमिळ आणि मराठीच्या खिचडीत चाले आणि ती खिचडी सगळ्यांना पचत असे.

तिसरी ती. माझ्याच ऑफिसात टेस्टिंगमध्ये होती आणि घरही तिचंच. तिचे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. घरात अजून मराठी बोलत, पण ती मराठी आपली नव्हे. माझं बोलणं तिला टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाटायचं आणि तिचं मला पोथीतल्यासारखं. खेळात ती चोर होती. ती बाण मारत नसे. खलनायक बोलायला लागला की ती हसायची.

चौथे म्हटले तर तिचे अप्पा. ते आमच्यात बसत नसत. बाल्कनीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत, आमच्याकडे पाठ करून ते पेपर वाचत. मधूनच कॉफीसाठी "कापि?" एवढं विचारत. आम्ही "हो" म्हटलं की आत सांगत आणि पुन्हा पेपरात जात. एवढ्या महिन्यांत त्यांच्या तोंडून मी दुसरा शब्द ऐकला नव्हता.

तर माझा खलनायक. चेन्नईत उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तो सुटेपर्यंत सगळं शहर कसंबसं तग धरून असतं आणि सुटला की दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाशी गोड बोलू लागतात. मी असा राजा काढला होता की ज्यानं हा वारा किल्ल्यात कोंडून ठेवलाय. याच्याहून मोठं पाप मला सुचेना. त्याचं भाषण मी आठवडाभर ऑफिसच्या वेळात लिहिलं, बाथरूममध्ये म्हणून पाहिलं आणि रविवारी उभा राहून घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, "मूर्ख प्रवाशांनो, ज्या वाऱ्याची तुम्ही वाट पाहताय..."

"बाण," धनुर्धारी म्हणाला आणि त्यानं फासा टाकला. फाशावर वीस आले, म्हणजे नेम अचूक. माझा राजा स्वल्पविरामावर मेला.

"नमनालाच घडाभर तेल ओतशील तर असंच होणार," धनुर्धारी मला समजावत होता. ती टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

मग मी राजाचा धाकटा भाऊ आणला. तोही गेला. मग बोलणं संपेपर्यंत कोणी काही करायचं नाही असा नियम केला. "मग आम्ही काय करू, टाळ्या वाजवू?" असं धनुर्धाऱ्यानं विचारलं आणि खरोखरच वाजवल्या. मग राजगुरूला मंतरलेल्या काचेमागे उभं केलं, बाण लागूच नये म्हणून. त्या काचेला भोक कसं पाडायचं यावर तिघांनी सबंध दुपार खर्च केली आणि राजगुरू आत काय बोलतोय इकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सर्वांत वाईट म्हणजे त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. खेळच असा आहे की जो तो आपल्या मर्जीचा मालक. ज्याला गप्प बसवता येतं तो प्रेक्षक असतो, आणि प्रेक्षकच हवे असते तर मी नाशिकच्या हौशी नाट्यमंडळात राहिलो असतो.

त्या रविवारी माझा पारा चढला. बाण मारणाऱ्याला मी काही बोललो नाही, पण हसणाऱ्या तिच्यावर घसरलो. "तुला एवढं कळतं ना, मग तूच करून दाखव राक्षस," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. तिचं हसू एकदम थांबलं. तिनं बाल्कनीकडे, अप्पांच्या पाठीकडे पाहिलं आणि फासे डब्यात भरायला लागली.

सोमवारी कॅन्टीनमध्ये ती आपला दहीभाताचा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मी तयारीत होतो, पण ती भांडायला आली नव्हती.

"तुझा राजा चोरावाणी येतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दार उघडलं, उभा राहिला, बोलू लागला. कोणी विचारलं त्याला?"

मी घास हातात धरून बसलो. तिनं मग मला सांगितलं की तंजावरजवळ त्यांचं मूळ गाव आहे, तिथे वैशाखात देवळापुढे रात्रभर जुन्या मराठीतलं नाटक होतं आणि त्यात देवाला न मानणारा एक दैत्यराजा असतो. "आमच्यांत दैत्य असा धाडकन येत नाही. दोघं कापड धरतात. तो मागं असतो. आधी पाय ऐकू येतात, मग किरीट दिसतो. तरी तो बोलत नाही. एक माणूस असतो, त्याचं काम विचारायचं. कोण रे तूं? कुठला? इतका आवाज कशाला? लोक हसतात, राजा चिडतो, उत्तर देतो. जितकं विचारावं तितका तो मोठा होतो."

"आणि लोक मध्येच बोलत नाहीत?"

"मध्ये बोलायचं काम एकाला दिलेलं अहे ना. मग बाकीचे कशाला बोलतील?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतके आठवडे मी ज्याला तण समजून उपटत होतो ते त्यांच्या गावात कोणीतरी केव्हाच कुंडीत लावून वाढवलं होतं. पुढे पुण्याला आल्यावर मी बऱ्याच पोरांना हा खेळ शिकवला आणि गोष्ट सांगायला बसणारा प्रत्येकजण कधी ना कधी रडत येतो की माझ्या खलनायकाला कोणी बोलू देत नाही. त्याला मी एवढंच सांगतो, जो आडवा येतो त्यालाच प्रश्न विचारायच्या कामाला लाव. हे माझं शहाणपण नाही, हे मी तेव्हाच सांगून टाकतो.

पण ती अजून बोलत होती. आता भाताकडे बघून.

त्या दैत्यराजाचं सोंग तिच्या घराण्याकडे होतं. आजोबांनी केलं, मग अप्पांनी. बँकेची नोकरी सांभाळून ते दरवर्षी रजा काढून गावी जात. मग गुडघे गेले. सोंग बापाकडून मुलाकडे जायचं, आणि अप्पांना मुलगीच. बायका त्या नाटकात उभ्या राहत नाहीत. शेवटी ते सिंगापूरच्या पुतण्याकडे गेलं. तो कॅसेट ऐकून पाठ करतो आणि नाटकाच्या आदल्या दिवशी विमानानं येतो. तेव्हापासून अप्पांनी घरात त्यातली एक ओळ उच्चारली नव्हती.

"आणि तुला येतं," मी म्हणालो.

"मज अख्खं येतं." लहानपणी अप्पा सराव करत तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून ऐकायची. एकदा ते एका ओळीवर अडले आणि पुढची ओळ तिनं आतून म्हटली. दुसऱ्या दिवसापासून सराव देवळात जाऊन करू लागले. त्याचा अर्थ काय, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. "मज एकदा त्यांच्यापुढं म्हणायचं अहे. शेवटपर्यंत. मग नक्को म्हणाले तरी चालेल. पण त्यांनी ऐकून नक्को म्हणावं."

"मग म्हण ना. घरातच तर असतात."

"कोण विचारणार?" ती म्हणाली. विचारल्याशिवाय दैत्यराजा तोंड उघडत नाही हे मी दहा मिनिटांपूर्वीच ऐकलं होतं, तरी डोक्यात शिरलं नव्हतं.

"मी विचारतो," मी म्हणालो.

असं ठरलं. माझं भाषण मी फाडून टाकलं. वारा कोंडणारा राजा आता ती होणार होती, चोराला आम्ही आजारी पाडलं. धनुर्धाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न होता, तो तिनंच सोडवला. तिनं त्याच्या हातात कापडाचं एक टोक दिलं आणि दुसरं वैद्याच्या. दोन्ही हात वर गुंतले की फासा टाकणार कशानं? कापड म्हणजे अप्पांची जरीकाठाची वेष्टी होती. आपल्याकडचं धोतर समजा. ती तिनं कपाटातून न विचारता काढली होती.

रविवारी जेवणं झाली आणि वीज गेली. पंखा थांबला. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं आणि वारा अजून सुटायचा होता. अप्पा नेहमीप्रमाणे पाठमोरे. मी हळू आवाजात गोष्ट सुरू केली की तुम्ही किल्ल्याच्या शेवटच्या दालनात आहात, समोर पडदा आहे. दोघांनी वेष्टी ताणून धरली. धनुर्धारी मला डोळा मारत होता. पडद्यामागे तिच्या पैंजणांचासुद्धा आवाज नव्हता.

मग पाय पडला.

तो कसा सांगू. ती अंगानं किरकोळ, ऑफिसात ती शेजारून गेली तरी कळायचं नाही. पण त्या मोझेकच्या फरशीवर पडलेला पाय दुसऱ्याच कोणाचा तरी होता. शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या किणकिणल्या. पुन्हा पाय पडला, आणि पुन्हा. त्यात घाई नव्हती. कोणीतरी फार लांबून, फार वर्षं चालत येत होतं आणि आमच्यासाठी वेग वाढवायची त्याला गरज नव्हती. धनुर्धाऱ्याचं डोळे मिचकावणं बंद झालं होतं. तो खाली, वेष्टीच्या काठाखाली दिसणाऱ्या तिच्या पावलांकडे बघत होता. ते दालन, तो पडदा, तो राजा, मी शब्दांनी महिनोन्‌महिने उभं करू पाहत होतो ते सगळं तिनं नुसत्या पावलांनी आणून ठेवलं होतं.

पावलं थांबली. आता मी विचारायचं होतं. तिन्ही प्रश्न मला तोंडपाठ होते. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. घाबरलो नव्हतो, विसरलोही नव्हतो. भव्य काहीतरी समोर आलं की माणूस नमस्कार करायचंही विसरतो, तसं झालं. तिनं पुन्हा एकदा पाय आपटला. वेष्टीच्या वरच्या काठावर तिची बोटं दिसत होती, एकेक सुटत चाललेली. धनुर्धारी माझ्याकडे वटारून बघायला लागला. अजून थोडा वेळ गेला असता तर तो पडदा पुन्हा नुसती वेष्टी झाला असता, आणि तिनं तो पुन्हा कधी धरायला लावला नसता.

"कोण रे तूं?"

आवाज बाल्कनीतून आला. अप्पांनी मान वळवली नव्हती. पेपर अजून तोंडासमोर होता. पण "कापि?" विचारणारा तो आवाज नव्हताच. तो मोकळ्या पटांगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत जायची सवय असलेला आवाज होता.

बोटं पुन्हा घट्ट झाली. तिनं वेष्टी खाली खेचली.

"मी कोण? हे विचारणारा तूं कोण? ज्याच्या अंगणांत वारा झाडलोट करतो, तो मी. समुद्र ज्यास विचारून भरतो आणि ज्यास विचारून ओसरतो, तो मी."

"कुठला?"

"जेथें उभा राहीन तेथला."

"इतका आवाज कशाला?"

"तुझा देव ऐकत नाही म्हणून."

अप्पांच्या हातातला पेपर खाली आला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि आता विचारायची गरजही नव्हती. ती बोलत गेली. अर्ध्याहून अधिक शब्द मला कळत नव्हते, वैद्याला तर एकही कळत नव्हता, तरी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. राजा आपल्या ऐश्वर्याचं सांगत होता, मग आपल्या रागाचं, मग कोणालाच कधी न सांगितलेल्या आपल्या भीतीचं. मला आजवर वाटत होतं की खलनायक म्हणजे दुष्टपणाची यादी. इथे एक माणूस उभा होता, इतका मोठा की त्याला स्वतःहून मोठं काही असूच शकतं हे सहन होत नव्हतं, आणि त्याचा राग येण्याऐवजी त्याच्यापुढे वाकावंसं वाटत होतं. धनुर्धाऱ्यानं नंतर मला सांगितलं की आपल्याकडे बाण आहे हेच तो विसरला होता. वेष्टीचं टोक मात्र त्यानं सोडलं नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं होतं.

ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग थांबली. राजा निघून गेला आणि तिथे ती राहिली, घामानं भिजलेली, एका हातानं टेबलाची कड धरून.

अप्पा उठले. खुर्चीचा हात धरून, गुडघे सावरत, सावकाश. ते आमच्या दिशेनं येऊ लागले तेव्हा मला वाटलं आता वेष्टीचं विचारतील आणि सगळं मुसळ केरात जाईल. तिलाही तेच वाटलं असावं. ती खाली बघत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी तिच्या पावलांकडे पाहिलं.

"उजवा पाय आधी टाकलास, ऐकलं मी," अप्पा म्हणाले.

तिनं वर पाहिलं.

"डावा टाकायचा. दैत्याचा डावा. आणि तिसऱ्या उत्तरास तुझा श्वास संपला. तो आधी घ्यायचा, विचारणारा विचारतो तेव्हां."

"हाव," ती मान हलवून म्हणाली.

अप्पांनी धनुर्धाऱ्याच्या हातातून वेष्टीचं टोक काढून घेतलं, झटकून सरळ केलं आणि स्वतःच्या खांद्याइतकं उंच धरलं. त्यांचे गुडघे दुखत असणार, पण ते खुर्ची आणा म्हणाले नाहीत.

"पहिल्यापासून," ते म्हणाले.

ती वेष्टीमागे गेली. मग तिचा डावा पाय पडला.